दंडाचा घेर

वजनकांटा मुलाचें ओझें सांगतो. त्यांत मांस किती व मेद किती, हें तो सांगत नाहीं. प्राग येथील मानववंशशास्त्रज्ञ यिंद्रिख मातिएग्का यांनीं १९२१ सालीं देहाच्या वजनाचे अस्थि, त्वचा-मेद, स्नायु व अवशिष्ट असे चार भाग कल्पून बाहेरच्या मापांवरून त्यांचा अजमास काढण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढें डेरिक जेलिफ या बालवैद्यानें १९६६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथांत याहून सोपा हिशेब मांडला. दंडाच्या मागची कातडी चिमटींत धरून तिची जाडी मोजावी, तिला ३.१४ नें गुणावें व तो गुणाकार दंडाच्या घेरांतून वजा करावा. घेर १६ सेंटिमीटर व चिमटी १ सेंटिमीटर असेल, तर स्नायूंचा घेर सुमारें १२.९ उरतो. दंड वाटोळा मानणें आणि आंतील हाडासही स्नायूंत गणणें, एवढी लबाडी या गणितांत आहेच. पण ती आम्हांस क्षम्य वाटते.

चिमटीचें यंत्र उपासमारीच्या छावणींत कोठून आणावें? नायजेरियांतील १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धांत क्वेकर पथकांनीं नुसता घेर व उंची यांवरच भागविलें. तेथें मातिएग्कांचा मूळ प्रश्न सुटला नाहीं, सोडून दिला गेला. फितीस मांस आणि मेद निवडतां येत नाहीं. तरी सहा महिने ते पांच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरांहून बारीक भरला, कीं तें तीव्र कुपोषित ठरतें, आणि हें माप आज आईसही घरीं घेतां येतें.