सनद, बिल्ला आणि पिंपळपान

दिवाळीआधी घर झाडायला काढले म्हणजे आमच्याकडे दोन गोष्टी हटकून होतात. एक, कुणाची तरी पाठ धरते; आणि दुसरी, माळ्यावरची काळी ट्रंक खाली येते, तिच्यावरची धूळ पुसली जाते आणि ती न उघडताच पुन्हा वर जाते. ह्या वर्षी मात्र ट्रंकेची कडीच निखळली. आत जुन्या गोधड्या होत्या, आणि गोधड्यांच्या तळाशी एका विटक्या खणात गुंडाळलेली सनद. वर राजमुद्रा, खाली कुणा साहेबाची सही, मध्ये माझ्या पणजोबांचे नाव आणि नावाआधी ‘रावसाहेब’ हा किताब. सोबत एक काळवंडलेला बिल्ला. सनद ज्या जाड लखोट्यातून आली तो लखोटाही जपून ठेवलेला. त्याच्या पाठीवर बारीक मोडीत काहीबाही खरडलेले.

माझी मुलगी म्हणाली, “बाबा, ही भिंतीवर का नाही लावली?”

तिला मी आजीकडून ऐकलेली हकीकत सांगितली. पणजोबा तालुक्याच्या दवाखान्यात सब-असिस्टंट सर्जन होते. १९१८ साली इन्फ्ल्युएंझाची साथ आली. त्या साथीत आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. पणजोबा घोड्यावरून, घोडे आजारी पडले तेव्हा पायी, गावोगाव हिंडले. त्याबद्दल पुढे सरकारने त्यांना रावसाहेब केले. बेचाळीस सालच्या चळवळीत माझे आजोबा पडले, तेव्हा त्यांनी वडिलांना तोंडावर विचारले, “गांधीजींनी पदक परत केले, टागोरांनी ‘सर’की सोडली. तुम्ही हा कागद कधी परत करणार?” पणजोबा म्हणाले, “कागद साहेबाने दिला खरा. पण तो ज्याकरिता दिला, ते काम साहेबाचे नव्हते.” त्यांनी सनद परत केली नाही, पण भिंतीवरून उतरवली आणि नावाआधी रावसाहेब लिहिणे सोडले. बाप-लेक त्यानंतर सहा महिने बोलत नव्हते, असे आजी सांगायची. “मामंजींचेही खरे होते आणि ह्यांचेही,” एवढे बोलून ती वाती वळू लागायची.

दोघांचेही खरे कसे असेल, हा प्रश्न लहानपणापासून माझ्या डोक्यात आहे. त्यापायी मानसन्मानांचा इतिहास मी जमेल तसा वाचीत आलो.

किताब ही काही इंग्रजांनी आणलेली वस्तू नव्हे. कुडतोजी गुजर यांना शिवाजी महाराजांनी प्रतापराव केले आणि ते नाव त्या वीराने नेसरीच्या खिंडीत १६७४ साली प्राण देऊन फेडले. हंसाजी मोहित्यांचे हंबीरराव झाले. पण पुढे पुढे काय झाले पाहा. औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंत अमात्य ही मुळात कामे होती, राज्यकारभारातली जबाबदारीची पदे. कालांतराने काम गेले आणि नाव राहिले. बापाचा मान लेकाला, लेकाचा नातवाला. मान हा वतनासारखा वंशाला चिकटला, की तो कशाबद्दल मिळाला होता हे कुणी विचारीत नाही.

इंग्रजांनी ही आपली खोड बरोबर ओळखली. त्यांनी किताबांची उतरंडच रचली. रावसाहेब, त्यावर रावबहादूर, त्यावर सी.आय.ई., त्यावर ‘सर’. नववर्षाच्या आणि बादशहाच्या वाढदिवसाच्या याद्यांकडे कितीतरी घरांचे डोळे लागलेले असत. त्यात खुशमस्करे होते, तसे खरे कर्तृत्ववान पुरुषही होते. डॉक्टर भांडारकरांची विद्वत्ता ‘सर’ झाल्याने वाढली नाही की उणावली नाही. पंडिता रमाबाईंना १९१९ साली कैसर-इ-हिंद पदक मिळाले; मुक्तीमध्ये अनाथ बायकांच्या पंगतीत बसणाऱ्या त्या बाईला त्याचे काय अप्रूप असणार!

लोकांनीही आपले किताब वेगळे देऊन ठेवले होते. जोतीराव फुल्यांच्या शिक्षणकार्याबद्दल सरकारने १८५२ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात त्यांना शालजोडी दिली. आज ती शालजोडी कुणाच्या लक्षात आहे? पण ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जमलेल्या साध्यासुध्या माणसांनी त्यांना ‘महात्मा’ म्हटले, ते आज शाळेतल्या पोरासोरांच्याही तोंडी आहे. टिळकांना लोकमान्य कोणत्या गॅझेटाने केले? कर्मवीर ही पदवी कोणत्या बादशहाच्या यादीत होती?

सरकारी मान नाकारण्याची रीत गोखल्यांनी दाखवली. सी.आय.ई. त्यांनी घेतली होती. पण १९१४ साली ‘सर’ होण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी नम्रपणे नको म्हटले. मग १९१९ सालचे जालियनवाला बाग घडले. रवींद्रनाथांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून ‘सर’की टाकली. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला गांधीजींनी कैसर-इ-हिंद आणि दक्षिण आफ्रिकेतील शुश्रूषाकार्याबद्दल मिळालेली पदके परत केली. त्याच दिवशी मुंबईत सरदारगृहात लोकमान्यांनी डोळे मिटले होते. एका दिवसात देशाने एक माणूस गमावला आणि दुसऱ्याने सरकारचा मान गमावून घेतला! आजोबांच्या पिढीचे रक्त तापले ते ह्या गोष्टींनी.

तेव्हा स्वराज्य आल्यावर घटनाकारांनी कलम १८ लिहिले, यात नवल नाही. विद्येच्या पदव्या आणि सैन्यातले हुद्दे सोडले, तर राज्य कुणालाही किताब देणार नाही. रावबहादुरांचा जमाना एका वाक्यात संपला.

आणि मौज अशी की घटना अमलात येऊन पुरती चार वर्षे झाली नाहीत तोच, २ जानेवारी १९५४ रोजी, राष्ट्रपतींनी नवे सन्मान जाहीर केले. एक भारतरत्न आणि दुसरे पद्मविभूषण. त्याचे पुन्हा पहिला, दुसरा आणि तिसरा असे वर्ग. रेल्वेच्या डब्यासारखे मानाचेही वर्ग! ‘मला तिसऱ्या वर्गाचे पद्मविभूषण मिळाले’ असे कोण आनंदाने सांगेल? वर्षभरात ती नावे बदलली आणि पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री ही आपल्या ओळखीची त्रयी आली. भारतरत्न आधी वाटोळे सोन्याचे पदक होते. पुढे त्याला पिंपळपानाचा आकार आला. पैसा ह्या सन्मानांसोबत नाही, जमीन नाही, वंशपरंपरा नाही.

हा नवा मान म्हणजे जुनाच किताब वेष पालटून आला, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. आचार्य कृपलानींनी १९६९ साली हे सन्मान बंद करण्यासाठी लोकसभेत विधेयक आणले; ते फेटाळले गेले. १९७७ साली मोरारजीभाईंच्या सरकारने ते खरोखरच बंद केले आणि १९८० साली ते पुन्हा सुरू झाले. त्याच मोरारजीभाईंना १९९१ साली भारतरत्न मिळाले. नियती गालातल्या गालात हसते ती अशी. अखेर १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला : हे सन्मान किताब नव्हेत, म्हणून ते घटनेविरुद्ध नाहीत, मात्र कुणीही ते नावाच्या मागे-पुढे लावू नयेत. आता ह्या दिवाळीनंतरच्या लग्नपत्रिका उघडून पाहा, वाचकहो, आणि किती ठिकाणी ‘पद्मश्री’ नावाआधी छापलेले सापडते ते मोजा. पंतसचिवांची आपली सवय एका निवाड्याने थोडीच जाणार!

पण ह्या सगळ्या वादात मला एक माणूस नेहमी आठवतो, आणि तो आठवला म्हणजे वाद निम्मा विरघळतो.

दापोलीजवळच्या मुरुडचा धोंडू कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्यास गेला तो ऐन पावसात, पायी, कुंभार्ली घाट चढून. तेथे साहेब लोकांनी त्याला न्याहाळले आणि सांगितले, “तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस.” संपले. आला तसा परत. हा मुलगा पुढे मुंबईत शिकला आणि गोखल्यांच्या बोलावण्यावरून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागला. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ साली त्यांनी गोदूबाई ह्या विधवेशी लग्न केले. ज्या मुरुडच्या भल्यासाठी त्यांनी ‘मुरुड फंड’ उभारला होता, त्याच गावाने बैठक भरवून त्यांना वाळीत टाकले. सख्ख्या भावाच्या घरी उतरायची पंचाईत झाली. म्हाताऱ्या आईला लेकाला भेटायला चोरी.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्याच्या माळावर झोपडीत नेला. दिवसा कॉलेजात गणित, संध्याकाळी आश्रमाचा किराणा-भाजी घेऊन चिखल तुडवीत हिंगण्याला. असे एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षे. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली. दुसरा कुणी असता तर आरामखुर्चीत बसला असता. हे अण्णा सत्तरी उलटल्यावर खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी पैसा-दोन पैसे गोळा करीत पुण्याच्या रस्त्यांवर हिंडत होते.

त्यांना १९५५ साली पद्मविभूषण मिळाले आणि १९५८ साली, वयाला शंभर वर्षे पूर्ण होताना, भारतरत्न. त्या १८ एप्रिलला त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. हयात माणसाचे चित्र भारतीय तिकिटावर आले ते हे पहिलेच. हे तिकीट लावलेली पत्रे मुरुडच्या पोस्टातही गेली असतील. वाळीत टाकणाऱ्यांची नातवंडे ती पाकिटे फोडताना काय म्हणाली असतील, हे मी कितीदा मनाशी रंगवले आहे. कादंबरी लिहिणाऱ्याची ही खोड.

कोकणचा हा कोपरा विलक्षण खरा. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे महामहोपाध्याय काणे दापोलीच्याच शाळेत शिकले. त्यांना १९६३ साली भारतरत्न मिळाले. शेजारच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचे बालपणही काही काळ दापोलीत गेले. पण बाबासाहेबांना हा सन्मान मिळाला तो १९९० साली, त्यांना जाऊन ३३ वर्षे उलटल्यावर. कलम १८ ज्या घटनेत आहे तिच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, आणि त्याची आठवण राज्याला एवढ्या उशिरा यावी! इथे मात्र आजोबांसारखा मीही रागावतो. लोकांनी वाट पाहिली नव्हती. त्यांनी ‘बाबासाहेब’ म्हटले ते कधीचे.

अलीकडे यादीत निराळी नावे दिसतात, हे मला आवडते. २०२० सालच्या पद्मश्रींत अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे होत्या. शाळेची पायरी न चढलेल्या ह्या बाईने गावरान वाणांची बियाणी गाडग्या-मडक्यांत राख घालून जपली. त्यांना लोक बीजमाता म्हणू लागले होतेच. राष्ट्रपती भवन नंतर आले. दिल्लीचा मान आणि गावचा मान असा एकाच उंबऱ्यावर भेटला, म्हणजे मला पणजोबा आणि आजोबा सहा महिन्यांनी पुन्हा एका पंगतीला बसल्यासारखे वाटते.

ती सनद घेऊन मी गावातल्या एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. सनदेकडे त्यांनी पाहिलेही नाही. चष्मा पुसून लखोट्याची पाठ वाचू लागले. औषधांचा हिशेब असावा, असे त्यांना आधी वाटले. पण ती होती येणे बाकी. एकाखाली एक, गावाचे नाव आणि पुढे माणसाचे नाव, अशी एकेचाळीस नावे. रकमेचा रकाना आखलेला होता. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत काहीच लिहिलेले नव्हते.