हिरोशी योशिदा

* हिरोशी योशिदा (१८७६–१९५०): जपानी चित्रकार. जन्म क्यूशू बेटावरील कुरुमे येथे, उएदा घराण्यात. चित्रकला शिकवणाऱ्या योशिदा यांनी दत्तक घेतल्यावर आडनाव बदलले. चाळिशी उलटेपर्यंत ते तैलरंग व जलरंगांतच रमलेले होते. १८९९ मध्ये अमेरिका गाठून त्यांनी आपली जलरंगचित्रे तिथे विकली. लाकडी ठशांकडे ते १९२० मध्ये वळले, प्रकाशक वातानाबे यांच्यासाठी. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत हे ठसे जळाले. पुन्हा अमेरिकेस गेले असता जपानी छापचित्रांची तिकडची ओढ त्यांना दिसली, आणि १९२५ मध्ये त्यांनी स्वतःचाच छापखाना थाटला.

जुन्या पद्धतीत चित्र एकाचे, कोरणे दुसऱ्याचे, छापणे तिसऱ्याचे आणि हुकूम प्रकाशकाचा. योशिदांनी हा हुकूम आपल्या हाती घेतला. कागदाच्या समासातला ‘जिझुरी’ (स्वतः छापलेले) हा शिक्का त्याचीच खूण. तो शब्दशः मात्र घेऊ नये, कोरणारे आणि छापणारे पदरी होतेच. तेच ठसे निराळ्या रंगांत छापून ते एकाच शिडाच्या होडीची सकाळ, दुपार, धुके, रात्र दाखवत. एका चित्रासाठी कागद तीसहून अधिक वेळा ठशावर चढे.

१९३०–३१ च्या भारतप्रवासात मुलगा तोशी बरोबर होता. ताजमहालाची चित्रे गाजली. आपल्याकडच्या अजिंठा-वेरूळच्या छापांकडे, का कोण जाणे, फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.