टॅमनी हॉल आणि न्यूयॉर्कमधले स्थलांतरित

टॅमनी हॉल ही न्यूयॉर्क शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० च्या दशकापर्यंत, अधूनमधून हार खात का होईना, शहराच्या कारभारावर तिचीच पकड होती. या सत्तेचा पाया होता बोटीतून नुकताच उतरलेला परदेशी माणूस. गंमत अशी की आरंभी संघटनेला हाच माणूस नकोसा होता. १७८९ मध्ये रीतसर सुरू झालेल्या या मंडळाने लेनापे जमातीचा प्रमुख तामानेंड याचे नाव घेतले, आपल्या पदाधिकाऱ्यांना मूळ रहिवाशांकडूनच उचललेली ‘सॅचेम’ ही पदवी लावली आणि आयरिश कॅथलिकांना मात्र दाराबाहेर ठेवले. २४ एप्रिल १८१७ रोजी आयरिश लोकांचा जमाव सभागृहात घुसला. टॉमस एमेट या आयरिश वकिलाला अमेरिकन काँग्रेसची उमेदवारी द्यावी, ही त्यांची मागणी होती. सामानाची मोडतोड आणि मारामारी झाली. उमेदवारी काही मिळाली नाही.

१८२० च्या दशकात गोऱ्या पुरुषांसाठी मतदानाची मालमत्तेची अट गेली आणि टॅमनीचे धोरण बदलले. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजू लागले, उपासमारीने माणसे देश सोडून निघाली आणि १८५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या दर चार रहिवाशांत एकाहून अधिक जण आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. या माणसांना मतदार करायचे तर आधी नागरिक करायला हवे. अर्ज भरून देणे, शुल्क भरणे, ओळख पटवणारा साक्षीदार उभा करणे, ही सारी कामे टॅमनीने अंगावर घेतली. १८६८ च्या निवडणुकीआधी तर कळसच झाला. टॅमनीच्या मर्जीतले न्यायाधीश घाऊक भावाने दाखले देत सुटले आणि त्या एका वर्षात सुमारे ४१ हजार लोक नागरिक झाले. एरवीचे प्रमाण त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास असे.

त्या वेळी टॅमनीची सूत्रे विल्यम ट्वीडकडे होती. त्याच्या टोळीने शहराला कसे लुटले, हे पाहायला एक न्यायालयाची इमारत पुरेशी आहे. सुरुवातीला अडीच लाख डॉलरची तरतूद असलेले हे बांधकाम सव्वा कोटीच्या घरात गेले, कारण ठेकेदार फुगवलेली बिले लावत आणि त्यातली मोठी टक्केवारी टोळीकडे परत येई. जुलै १८७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हिशेब छापले, ‘हार्पर्स वीकली’त टॉमस नॅस्टच्या व्यंगचित्रांनी ट्वीडला झोडपले आणि अखेर १८७८ मध्ये तो तुरुंगात मेला. पण सुधारकांचा राग नुसत्या चोरीवर नव्हता. ट्वीडने कॅथलिक शाळांना आणि धर्मादाय संस्थांना सरकारी पैसा मिळवून दिला होता, हेही त्यांना सलत होते. नॅस्टच्या १८७१ च्या एका चित्रात कॅथलिक बिशप मगरी होऊन शाळेतल्या मुलांवर चालून येतात. चित्राचे नाव ‘अमेरिकेची गंगा नदी’. चोराला पकडा म्हणणारी माणसे आयरिशांनाही हाकला म्हणत असतील, तर आयरिश मतदार चोराच्या मागे उभा राहिला यात नवल नाही.

ट्वीडनंतर जॉन केली हा टॅमनीचा पहिला आयरिश कॅथलिक प्रमुख झाला आणि विस्कळीत टोळीची शिस्तबद्ध फौज बनली. प्रत्येक मतदारसंघाला एक नेता, त्याच्या हाताखाली बूथनिहाय कार्यकर्ते, आणि प्रत्येक कार्यकर्त्याला आपल्या गल्लीतले घर अन् घर पाठ. यातल्या एका नेत्याचा दिनक्रम नोंदला गेला आहे. जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट हा ट्वीडच्या त्याच न्यायालयातल्या बूटपॉलिशवाल्याच्या खुर्चीवर बसून राजकारणाचे धडे देई. एका वार्ताहराने ते १९०५ मध्ये पुस्तकरूपात आणले. त्यातला एक दिवस पहाटे दोनला सुरू होतो, दारूच्या गुत्त्याच्या मालकाला जामिनावर सोडवण्यापासून. सहाच्या सुमारास आग लागलेल्या घरांतल्या लोकांना कपडे आणि तात्पुरता निवारा. मग पोलीस कोर्टात दारू पिऊन पकडलेल्यांची सुटका, थकलेल्या भाड्यापायी रस्त्यावर येऊ घातलेल्या कुटुंबाचे भाडे, बेकारांना नोकऱ्या. दुपारी आधी एका इटालियनाची अंत्ययात्रा, लगोलग एका ज्यूची. चर्चमध्येही पुढे, सिनेगॉगमध्येही पुढे. रात्री ज्यू लग्नाचा समारंभ, आहेर आधीच पोचलेला.

ज्या काळी सरकारकडे बेकारभत्ता नव्हता, विमा नव्हता, त्या काळी ही मदत खरी होती. तिचा खर्च मात्र शेवटी त्याच वस्त्यांकडून वसूल होई: गुत्ते आणि वेश्यागृहांकडून हप्ते, सरकारी नोकरांच्या पगारातून वर्गणी. पोलिसांतल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या १८९४ च्या लेक्सो समितीपुढे एका पोलीस कॅप्टनने पदासाठी १५ हजार डॉलर मोजल्याचे कबूल केले. १९०० च्या उन्हाळ्याआधी तर टॅमनीचाच महापौर व्हॅन वायक एका बर्फ कंपनीचा भागधारक निघाला. धक्के शहराच्या ताब्यात असल्याने ही कंपनी प्रतिस्पर्ध्यांचा बर्फ उतरू देत नव्हती; तिने शंभर पौंडांचा भाव ३० सेंटांवरून ६० वर नेला आणि गरीब घेत तो पाच सेंटांचा तुकडा बंद केला. चाळवजा इमारतींत बाळाचे दूध टिकवायला बर्फाखेरीज काही नव्हते. पुढच्याच वर्षी टॅमनी हरली.

वाटपही सारखे नव्हते. आयरिश आधी आले, इंग्रजी बोलत होते, म्हणून पोलीस, अग्निशमन आणि बांधकाम खात्यांतल्या पगारी जागा त्यांच्याकडे गेल्या. १८८० नंतर आलेल्या इटालियन आणि पूर्व युरोपीय ज्यूंना बहुधा फेरीचा परवाना, कोळशाची गोणी, सणाचे जेवण एवढ्यावर भागवावे लागले. ज्यांना नागरिकच होता येत नव्हते, त्या चिन्यांना या हिशेबात जागा नव्हती. सरकारी नोकऱ्यांनी आयरिशांना स्थैर्य दिले, पण त्या बेताच्या पगारात एक अख्खी पिढी अडकून पडली, असेही काही अभ्यासक मानतात, आणि त्यात तथ्य आहे.

२५ मार्च १९११ रोजी ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ जण मेले. बहुतेक ज्यू आणि इटालियन तरुण मुली. ज्यू कामगार समाजवाद्यांकडे वळत होते, ते टॅमनीचा प्रमुख चार्ल्स मर्फी याला दिसत होते. चौकशी आयोगाची धुरा टॅमनीच्याच रॉबर्ट वॅगनर आणि अल स्मिथ यांच्याकडे आली. वॅगनर स्वतः जर्मनीत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला. आगीपासून बचाव, कामाचे तास, कारखान्यांची तपासणी यांवर पुढच्या काही वर्षांत कायदे झाले. टॅमनीने स्थलांतरितांसाठी केलेले सर्वांत टिकाऊ काम हेच म्हणायला हवे, कारण या संरक्षणासाठी कोणाच्या दारात जावे लागत नव्हते.

१९२४ च्या स्थलांतरविषयक कायद्याने परदेशी लोकांचा ओघ आटला. भ्रष्टाचाराच्या चौकशीमुळे १९३२ मध्ये महापौर जिमी वॉकरने राजीनामा दिला, पुढच्या वर्षी इटालियन बाप आणि ज्यू आई असलेला ला गार्डिया टॅमनीविरुद्ध निवडून आला, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या योजनांनी मदतीचा मक्ताही काढून घेतला. कार्माइन डी सॅपिओच्या रूपाने १९४९ मध्ये इटालियनांना टॅमनीचे प्रमुखपद मिळाले, तेव्हा वाटायला फारसे उरले नव्हते. १९५३ मध्ये तिच्याच पाठिंब्यावर कॅरिबियनमधून आलेला कृष्णवर्णीय हुलन जॅक मॅनहॅटनचा बरो अध्यक्ष म्हणून निवडून आला. १९६१ मध्ये डी सॅपिओ ग्रीनिच व्हिलेजमधल्या स्वतःच्या मतदारसंघात पक्षातल्याच सुधारणावाद्यांकडून हरला आणि त्या दशकात टॅमनी हॉल संपली.