मायांचे काकाओ-पेय आणि सातारा-सांगलीची मिरची

मध्य अमेरिकेतील माया लोकांचे तिखट काकाओ-पेय हा प्रस्तुत टिपणाचा विषय असला, तरी त्याचा एक धागा सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. ह्या पेयात काकाओच्या बियांबरोबर मिरची व पुष्कळदा मकाही पडे. पैकी मिरची व मका आपल्याकडे इतके रुळले, की त्यांचे परकेपण कोणाला आठवतही नाही. काकाओ मात्र येथे रुजले नाही. असे का घडले?

प्रथम कृती पाहू. काकाओच्या बिया गरासह आंबवून वाळवीत. भाजून, टरफले काढून त्या पाट्यासारख्या दगडावर वाटीत. त्या गोळ्यात मिरचीची पूड, कधी मक्याचे पीठ, कधी मध वा व्हॅनिला घालून तो पाण्यात कालवीत आणि एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून धार धरून फेस आणीत. प्रिन्स्टन येथील संग्रहालयातील एका माया पात्रावर अशी धार धरणारी स्त्री चित्रित केलेली आहे. ग्वातेमालातील रिओ आसुल येथे १९८४ साली उघडलेल्या थडग्यातील पात्रावर काकाओवाचक चिन्हे असून आतील अवशेषांत काकाओची रासायनिक खूणही आढळली. आज 'माया पद्धतीचे' म्हणून जे पेय करतात, त्यातील साखर व दालचिनी मात्र स्पॅनिश अंमलानंतरची आहेत. हे दोन्ही जिन्नस आशियातून तिकडे गेले.

उलट दिशेने मिरची आली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतल्यानंतर त्यांच्या व्यापाराबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर आली व तेथून देशावर पसरली. तिला नवे नावही शोधावे लागले नाही. संस्कृत 'मरीच' म्हणजे मिरे. त्याच कुळातील 'मिरची' हे नाव तिला मिळाले. नावाबरोबर तिने मिऱ्याचे कामही घेतले. मिरे दमट मलबारी मुलखाचे. माण, खटाव, जत, आटपाडीच्या शेतकऱ्याला ते विकतच घ्यावे लागे. मिरची त्याच्याच रानात पिकू लागली, वाळवून वर्षभर टिकली आणि भाकरीसोबत खर्डा होऊन बसली.

काकाओला ह्यांपैकी एकही सोय नव्हती. मिरचीचे वाळलेले बी पुढील हंगामातही उगवते. काकाओचे बी फळाबाहेर काढल्यावर थोड्याच दिवसांत निर्जीव होते. ह्या झाडास सावली, ऊब व वर्षभर विभागलेला पाऊस लागतो. साताऱ्याच्या पूर्वभागात पाऊस अपुरा; महाबळेश्वरी तो विपुल, पण चारच महिने, आणि हिवाळा थंड. दक्षिणेत कुर्ताळम येथे १७९८ साली काकाओची रोपे लावण्यात आली, परंतु केरळात व्यापारी लागवडीस चालना मिळाली ती १९६५ नंतर. शिवाय काकाओने भरून काढावी अशी उणीवही येथील आहारात नव्हती.

ह्यावरून एवढे म्हणता येईल, की परका जिन्नस केवळ जहाजातून आला म्हणून रुजत नाही. बी टिकावे, जमीन मानवावी आणि आहारात त्याच्यासाठी एखादी जागा मोकळी असावी, असे तिन्ही योग जुळावे लागतात. खाद्येतिहासाच्या अभ्यासकाने एखादा पदार्थ देशी की परका एवढ्यावरच न थांबता, त्याने येथे कोणाची जागा घेतली हेही विचारले पाहिजे. मायांच्या पेल्यातील एक जिन्नस आपल्या पाट्यावर आला आणि दुसरा आला नाही, ह्याचे उत्तर त्या प्रश्नात आहे.