राजाचं आडनाव पुरेसं नाही: सेनेगलमधल्या पदव्या आणि वंश

राजघराण्याची यादी हाती आली की आपण काय करतो? बाप, मग मुलगा, मग नातू अशी सरळ रेघ ओढतो. सेनेगलमधल्या वोलोफ आणि सेरेर राज्यांचा इतिहास वाचायला घ्या, ही रेघ लगेच तुटते.

आधी पदव्या बघू. जोलोफचा राजा 'बुर्बा', वालोचा 'ब्राक', कायोरचा 'दामेल', बाओलचा 'तेन्य'. सेरेरांच्या सीन राज्यात 'माद अ सिनिग'. म्हणजे पदवीवरून राज्य कळतं, घराणं नाही. शिवाय सीनच्या राजाला वोलोफ भाषेत 'बुर सीन' म्हणतात. दोन कागदांत दोन पदव्या दिसल्या म्हणून दोन राजे मोजू नका. उलट 'दामेल-तेन्य' असं दिसलं, तर माणूस एकच, पण कायोर आणि बाओल दोन्ही त्याच्या हाती.

आता घराणं. वोलोफ भाषेत बापाकडचा वंश म्हणजे 'गेन्यो', आईकडचा 'मेन'. गादीसाठी दोन्ही बघितले जात. कायोरचे दामेल बापाकडून फाल कुळातले. पण फाल तर पुष्कळ! त्यांतला कोण, हे ठरताना आईचा वंश वजन टाकायचा. 17व्या शतकाच्या अखेरीस लात सुकाबे फाल गादीवर आला आणि त्याच्या आईचा 'गेज' वंश वर चढला. सीनमध्ये राजा आईकडून 'गेलवार' असावाच लागे. बापाकडून फाय किंवा जूफ. त्यामुळे आई गेलवार नसेल तर राजाचा सख्खा मुलगाही बाद, आणि भाऊ किंवा बहिणीचा मुलगा पुढे. राजाच्या आईला किंवा बहिणीला 'लिंगेर' ही पदवी का होती, तेही इथे लक्षात येतं.

एक उदाहरण घ्या: लात जोर न्गोने लातिर जोप. 1862 मध्ये तो दामेल झाला आणि 1886 मध्ये देखेले इथे फ्रेंचांशी लढताना मारला गेला. आडनाव जोप, फाल नाही. नुसतं आडनाव बघितलं तर वाटेल, घराणंच बदललं. पण नावाच्या मधले दोन शब्द वाचा. न्गोने लातिर ही त्याची आई, आणि ती गेज वंशातली. बापाकडची रेघ तुटली, आईकडची चालू राहिली.

म्हणून डेटा भरण्याआधी एक प्रश्न विचारा: हा समाज नातं कुणाकडून मोजत होता? तक्त्यात 'वडील' हा एकच रकाना ठेवलात, तर लात जोर तुम्हाला अपवाद वाटेल. 'आई' हा रकाना जोडा, तो नियमात बसू लागतो.