सरासरी कोणाची?

आज गणिताच्या इतिहासातला एक प्रश्न घेऊन आलोय. घाबरू नका, पाटी-पेन्सिल लागणार नाही. प्रश्न असा: हजार माणसांचा एक दिवस आणि एका माणसाचे हजार दिवस, यांची सरासरी सारखीच येते का?

हा प्रश्न आधी माणसांबद्दल नव्हे, तर हवेच्या रेणूंबद्दल विचारला गेला. ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमन यांना रेणूंच्या हालचालींवरून उष्णतेचे नियम काढायचे होते. पण बंद खोलीतल्या अब्जावधी रेणूंचा पाठलाग करणार कोण? १८७०च्या आसपास त्यांनी एक गृहीत धरलं: वायूला पुरेसा वेळ दिला, तर तो त्याच्या ऊर्जेला शक्य असलेल्या प्रत्येक अवस्थेतून जाईल. मग पाठलागाची गरजच नाही. सगळ्या शक्य अवस्थांची सरासरी काढली, की तीच त्या वायूची दीर्घ काळाची सरासरी. याच विचारातून पुढे गणिताची एक शाखा उभी राहिली, अर्गॉडिक सिद्धांत.

गृहीत सोयीचं होतं, पण खरं नव्हतं. १९१३ मध्ये रोझेंथाल आणि प्लांशरेल या दोन गणितज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की ‘प्रत्येक’ अवस्थेतून जाणं अशक्य आहे. वायूचा प्रवास म्हणजे शेवटी एक रेघ. अशी रेघ अख्खं मैदान भरू शकत नाही. फार तर प्रत्येक ठिकाणाच्या हवं तितक्या जवळ जाऊ शकते.

मग तेवढ्यावर भागेल का? याचं उत्तर १९३१ मध्ये अमेरिकेत मिळालं, तेही शर्यतीसारखं. प्रिन्स्टनला असलेल्या जॉन फॉन नॉयमन यांनी बर्नार्ड कूपमन यांच्या एका कल्पनेचा आधार घेऊन पहिलं प्रमेय सिद्ध केलं आणि ऑक्टोबरमध्ये हार्वर्डच्या जॉर्ज बर्कॉफ यांना सांगितलं. बर्कॉफ यांनी थोड्याच दिवसांत त्याहून बळकट प्रमेय सिद्ध केलं आणि ते डिसेंबरमध्ये छापूनही आलं. फॉन नॉयमन यांचा लेख आला जानेवारी १९३२ मध्ये! पुढे बर्कॉफ यांनी कूपमन यांच्याबरोबर एक टिपण लिहून आधीचं काम कोणाचं होतं ते नोंदवलं.

प्रमेयाचा गाभा मात्र साधा आहे. शेजारी-शेजारी दोन खोल्या आहेत, मधलं दार कायमचं बंद. एका खोलीतला रेणू दुसरीत कधीच जाणार नाही. मग दोन्ही खोल्यांची मिळून काढलेली सरासरी त्या रेणूच्या काय कामाची? एकट्याची सरासरी आणि सगळ्यांची सरासरी जुळायची असेल, तर आत असं बंद दार असता कामा नये. अट एवढीच.

पण दारं बंद असतातच, तेव्हा काय? या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. एस. रघुनाथन यांनी १९७०च्या दशकात एक अटकळ मांडली. ढोबळमानाने सांगायचं तर, भूमितीतल्या काही खास प्रवाहांमध्ये प्रत्येक वाट एक तर सगळीकडे पसरते, नाही तर एका सुबक, नीट वर्णन करता येईल अशा कुंपणात राहते. अधलंमधलं काही नाही. त्याच संस्थेतले श्रीकृष्ण गोपाळराव दाणी यांनी ती १९८१च्या आपल्या शोधनिबंधात छापली आणि त्या दिशेने मोलाचं काम केलं. याच वाटेने ग्रिगोरी मार्गुलिस यांनी १९८७ मध्ये संख्या सिद्धांतातला ओपेनहाइम यांचा १९२९ पासूनचा प्रश्न सोडवला. पुढे दाणी आणि मार्गुलिस यांनी मिळूनही निबंध लिहिले. १९९०च्या सुमारास मरीना रॅटनर यांनी रघुनाथन यांची अटकळ पूर्ण सिद्ध केली. रेणूंसाठी विचारलेला प्रश्न पूर्णांकांचं कोडं सोडवून गेला!

आता आपल्या घरात येऊ. समजा, एक खेळ आहे. नाणं उडवायचं. छापा आला तर तुमचे पैसे ६० टक्क्यांनी वाढतात, काटा आला तर निम्मे होतात. सरासरी काढा: दर फेरीला ५ टक्के फायदा. जाहिरातीत हाच आकडा झळकेल, आणि तो खोटा नसेल. पण एक छापा, एक काटा असं झालं की १०० चे १६० होतात आणि १६० चे ८०. खूप वेळ खेळत राहिलात, तर तुमचे पैसे जवळजवळ नक्कीच झिजत जातील. मग तो ५ टक्के फायदा गेला कुठे? खेळणाऱ्या गर्दीतल्या मोजक्या नशीबवानांच्या खिशात. सरासरी त्यांनी वर ओढून धरलेली असते.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना गुंतवणुकीचे असे आकडे रोज भेटतात. माझ्या कामातही सरासरीवर बेतलेले तक्ते सतत येतात. गर्दीला हजार आयुष्यं असतात, पण आपल्या घराला एकच. सगळी पुंजी एकदा गेली, की दार मागे बंद होतं, सरासरी कितीही गोजिरी असो.

म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘सरासरी परतावा इतका’ म्हणालं, तर शांतपणे विचारा: सरासरी कोणाची? गर्दीची, की माझी?