हार्ड डिस्कवरची तुकडेजोड

वाशीत कोणालाही पत्ता विचारला, तर आधी सेक्टरचा क्रमांक कानावर पडतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. खाडीकाठची शेते, मिठागरे आणि गावे यांच्या प्रदेशात तिने नव्या शहराचा आराखडा आखला आणि वाशीची विभागणी सेक्टरांत केली. सेक्टरची हद्द ठरते ती नकाशावरच्या रेघेने.

घरातल्या संगणकाच्या हार्ड डिस्कवरही सेक्टर असतात. प्रत्येक सेक्टरला क्रमांक असतो आणि त्यात पूर्वापार ५१२ बाइट मावतात. ‘सी’, ‘डी’ अशी जी पार्टिशने आपल्याला दिसतात, त्यांच्या हद्दीही नोंदीतच असतात. ही नोंद बदलणे इतके जोखमीचे का होते आणि ते सोपे कसे झाले, ते आपण पाहू या.

१९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी हा संगणक १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला. त्याच्या डॉस २.० या प्रणालीने डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये वाटणीचा तक्ता ठेवला. त्यात चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांच्या. म्हणजे सगळा सातबारा ६४ बाइटांचा! एका डिस्कवर निरनिराळ्या प्रणाली सुखाने नांदाव्यात, हा त्यामागचा हेतू होता.

पुढे मात्र वाटणी ही सक्तीच झाली. त्या वेळचे डॉस पार्टिशनमधले सेक्टर १६ बिटांच्या संख्येने मोजत असे. १६ बिटांत ६५,५३६ पर्यंतच मोजता येते. याला ५१२ ने गुणले की ३२ मेगाबाइट होतात. म्हणून १९८७ च्या डॉस ३.३ वर ४० मेगाबाइटची डिस्क पूर्ण वापरायची, तर तिचे दोन तुकडे करावेच लागत. नंतर ही मर्यादा २ गिगाबाइटपर्यंत वाढली; पण एवढ्या मोठ्या पार्टिशनमध्ये जागा ३२ किलोबाइटच्या गटांनीच दिली जाई. एक किलोबाइटचे पत्र लिहिले तरी ३२ किलोबाइट अडत. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट-३२ ही पद्धत आली, तेव्हा ही अडचण बरीच कमी झाली.

मर्यादा गेली, पण पडलेले तुकडे तसेच राहिले. आपल्याकडे शेतजमिनीसाठी १९४७ मध्ये तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला होता. डिस्कवर मात्र तुकडे जोडण्याची सोय नव्हती. डॉसमधला एफडिस्क हा प्रोग्रॅम पार्टिशन पाडी किंवा काढून टाकी. हद्द सरकवणे त्याला येत नसे. ‘सी’ भरले आणि ‘डी’ रिकामे असले, तर सारे फ्लॉपींवर उतरवायचे, पार्टिशने मोडायची आणि पुन्हा मांडामांड करायची. त्यातली एक फ्लॉपी वाचता आली नाही, तर तिच्यावरच्या निकालपत्रकांची आशा सोडावी लागे.

खरे तर नोंद पुसल्याबरोबर मजकूर नाहीसा होत नाही. सातबारा फाडला म्हणून उभे पीक जळत नाही. मात्र कोणते शेत कोठून कोठपर्यंत, हे सांगणारे काही उरत नाही.

हद्द सरकवण्याची युक्ती आहे ती क्रमात. पार्टिशन लहान करायचे, तर त्याच्या शेवटच्या सेक्टरांतला मजकूर आधी आत आणायचा आणि मग तक्त्यातली हद्द मागे घ्यायची. मोठे करायचे, तर आधी हद्द पुढे न्यायची आणि मग नवी जागा वापरात आणायची. क्रम उलटला, तर काही मजकूर हद्दीबाहेर पडतो. दोन पार्टिशने जोडायची, तर ती शेजारी हवीत. मध्ये तिसरे असेल, तर ते सबंध उचलून पुढे न्यावे लागते. हे चालू असताना वीज गेली, तर अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे अशी गत होते.

१९९० च्या दशकात अर्नो शेफर यांच्या फिप्स या मोफत प्रोग्रॅमने डॉसचे पार्टिशन आतला मजकूर राखून दोन भागांत तोडून दाखवले. पॉवरक्वेस्ट कंपनीचे पार्टिशन मॅजिक विकत मिळू लागले. पुढे ग्नू पार्टेड आणि २००४ पासून जीपार्टेड ही मुक्त साधने आली. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टात हद्द आत घेण्याची सोय प्रणालीतच होती. मात्र हलवता न येणारी एखादी फाइल वाटेत आली, की तिला तेथेच थांबावे लागे. सेक्टरांची आखणी झाली तरी वाशीगाव आपल्या जागीच राहिले, तसेच हे!

जुन्या तक्त्यात सेक्टर ३२ बिटांनी मोजतात, म्हणून ५१२ बाइटांच्या सेक्टरांची त्याची मजल २ टेराबाइटपर्यंतच जाते. आजचा जीपीटी तक्ता ६४ बिटांनी मोजतो आणि आपली एक नक्कल डिस्कच्या शेवटीही ठेवतो. आपणही तेच करावे. हद्दीला हात लावण्यापूर्वी महत्त्वाच्या मजकुराची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.

वर्गात हे समजावणे सोपे आहे. फळ्यावर ४० चौकटी आखा. पहिल्या २० ‘सी’ला, पुढच्या १० ‘डी’ला आणि शेवटच्या १० ‘ई’ला द्या. काही चौकटींत अक्षरे भरा. आता ‘डी’ रिकामे न करता, एकही अक्षर न गमावता, ‘ई’मधल्या ५ रिकाम्या चौकटी ‘सी’ला द्यायला सांगा. कोणते अक्षर आधी हलवायचे आणि रेघ केव्हा पुसायची, यावर मुले वाद घालू लागली, की धडा निम्मा झाला असे समजावे.